एकूण माणसं : दोन

१

बंदराचं तोंड लागलं तेव्हा सकाळचे दहा वाजले होते. एरवी अशा वेळी दादा बोटीच्या पुढच्या टोकाला उभा राहून हातवारे करायचा, आणि मागे सुकाणू धरलेला बारक्या त्याला म्हणायचा, "नाचू नकोस, नीट सांग, डावीकडे की उजवीकडे?" आज पुढचं टोक मोकळं होतं. बारक्याने एकट्यानेच शीड उतरवलं, इंजिन सुरू केलं आणि बोट धक्क्यावर अशी आपटली की रंगाचा तळहाताएवढा पोपडा उडाला. दादाने तो रंग स्वतः तीनदा घासून लावला होता.

दादा जाऊन नऊ दिवस झाले होते. गेला म्हणजे पाण्यात गेला. बारक्याने हे अजून कुणाला सांगितलं नव्हतं. नऊ दिवस भोवती नुसतं पाणीच होतं, सांगणार कुणाला? रेडिओवर ओरडून ओरडून घसा बसला, पण पलीकडून नुसती खरखर आली होती.

बोट दादाची. चार वर्षं एका शेडमध्ये ठोकून, सांधून त्याने ती उभी केली आणि मग धाकट्याला म्हणाला, "चल, एक वर्ष हिंडून येऊ. तुझं इथे काय अडलंय?" बारक्याचं कुठेच काही अडलेलं नव्हतं. सहावीत शाळा सुटली होती, हाती धरलेलं प्रत्येक काम महिन्याभरात सोडलं होतं. अकरा महिने दोघे बंदरामागून बंदरं बघत फिरले. प्रत्येक ठिकाणी आईला फोटो पाठवायचा. फोटोत दादा हसणार, बारक्या डोळे मिटलेला.

बंदर कचेरीत एक बाई होत्या. चष्मा कपाळावर, टेबलावर शिक्का. त्यांनी फॉर्म पुढे सरकवला.

फॉर्म भरायचं काम दादाचं. बारक्याला छापील अक्षरं बघितली की घाम फुटायचा. पण दादाच्या प्लास्टिकच्या फाइलमध्ये मागच्या बंदराच्या फॉर्मची प्रत होती. बारक्याने ती शेजारी ठेवली आणि चित्र काढावं तशी रेघेला रेघ उतरवली. बोटीचा नंबर, लांबी, रंग. एकूण माणसं : दोन. दोघांची नावं. खाली दादाची सही, तीसुद्धा, शेवटच्या वळणासकट.

बाईंनी शिक्का मारला तेव्हा त्याच्या ध्यानात आलं.

"अहो..." तो म्हणाला.

"काय?"

तो त्या दोनाच्या आकड्याकडे बघत राहिला. आकडा सुरेख आला होता. नऊ दिवसांत पहिल्यांदा काहीतरी जसं हवं तसं दिसत होतं.

"काही नाही," तो म्हणाला.

बाईंनी पितळेचे दोन बिल्ले टेबलावर ठेवले. "गावात जाताना फाटकावरच्या फळीला लावायचे, परत येताना काढून न्यायचे. म्हणजे कोण आत, कोण बाहेर, ते कळतं. तीन दिवस राहता येईल. आणि बोट जरा हळू लावत जा हो, आमचा धक्का जुना आहे."

२

बोटीत खाली उतरायच्या शिडीजवळ दोन खुंट्या होत्या. डावी दादाची, उजवी बारक्याची. खुंटीवर कमरेचा पट्टा असायचा, पट्ट्याला वावभर, दोन हात पसरल्याएवढा, दोर आणि दोराच्या टोकाला कडी. वर गेलं की ती कडी डेकवर ताणलेल्या तारेत अडकवायची, म्हणजे लाट आली तरी माणूस बोटीलाच बांधलेला राहतो. दादाचा नियम साधा होता. खुंटी रिकामी, म्हणजे माणूस वर. खुंटीवर पट्टा, म्हणजे माणूस खाली. हाका मारायची गरज नाही.

पाळी चार तासांची. वेळ झाली की खालच्याने शिडीवरच्या झडपेवर आतून दोनदा टकटक करायची आणि वर यायचं. "आधी माझी कडी लागणार," दादा म्हणायचा, "मग तुझी सुटणार. उलटं केलंस तर कानाखाली आवाज काढीन."

गेले नऊ दिवस डावी खुंटी रिकामी होती, कारण दादाचा पट्टा बारक्याच्या कमरेला होता. त्याने तो झोपतानाही सोडला नव्हता. कमरेवर लाल वळ उठले होते, एका ठिकाणी कातडं सोललं होतं.

कचेरीतून येऊन तो शिडी उतरला आणि थांबला.

उजवी खुंटीही रिकामी होती.

त्याचा स्वतःचा पट्टा, बकल मोडलेला, तिथे लोंबकळत असायचा. सकाळी होता. होता ना? त्याने फळ्या उचलून पाहिलं, गादीखाली पाहिलं, इंजिनामागे हात घातला. बोट आपटली तेव्हा उडाला असेल. उडून जाईल कुठे? बोटीत आत पाच पावलं चालली की भिंत लागते.

मग तो खाली बसला आणि दादाचा बिल्ला नकाशाच्या टेबलावर ठेवला. सरळ, मधोमध. ठेवायला दुसरी जागा सुचली नाही.

३

दुसऱ्या दिवशी सकाळी तो गावात जायला निघाला. पाव संपला होता, आणि खालच्या त्या दोन खुंट्यांसमोर चहा पिणं त्याला नको झालं होतं.

फाटकावरचा रखवालदार गोल पोटाचा, गप्पिष्ट होता. फळीवर खिळ्यांच्या रांगा होत्या. बारक्याने आपला बिल्ला लावला.

"झोप झाली का?" रखवालदार म्हणाला. "भाऊ तुमचे केव्हाच गेले. तुम्ही आपले आरामात."

"कोण भाऊ?"

"घ्या! तुम्हाला भाऊ किती आहेत?" त्याने फळीवर बोट टेकवलं. बारक्याच्या बिल्ल्याच्या शेजारच्याच खिळ्याला दादाचा नंबर होता. "सहा वाजता. मी म्हटलं, एवढ्या लवकर दुकानं उघडत नाहीत. तर म्हणाले, चालत जाईन, पाय मोकळे करायचेत."

बारक्या परत धावला. टेबल रिकामं होतं. बिल्ला ठेवला होता त्या जागी वाटीभर पाणी सांडलेलं होतं. त्याने बोट बुडवून चाखलं. खारट.

तो खूप वेळ स्वतःशी भांडला. चोर आला असेल. भुरटे चोर काय कमी असतात? चोराने बिल्ला उचलला, रखवालदाराला थापा मारल्या. पाणी वरच्या झडपेतून गळलं असेल, झडप गळतेच. पट्टाही त्यानेच नेला. झालं, सगळं जुळलं. फक्त चोराने पैशाचं पाकीट तसंच ठेवून मोडका पट्टा का न्यावा, एवढंच जुळेना.

आणि खरं सांगायचं तर, त्याला ते जुळायला नकोच होतं. पोहणारा माणूस होता दादा. कुणी मच्छीमाराने उचलला असेल. नऊ दिवसांत माणूस कुठल्या कुठे पोचतो. बोट ओळखून तो हळूच आत आला असेल, बारक्याची गंमत करायला. असल्या गमती त्याला आवडायच्या.

मग रात्री उठवलं का नाही? हा प्रश्न आला की तो घाईघाईने दुसरं काहीतरी करायला घ्यायचा.

४

दुपारी आईचा फोन आला. बंदरात पोचलं की फोन करायचा, हे ठरलेलं होतं. बारक्याने केला नव्हता.

"मेल्यांनो, जिवंत आहात का?" आई म्हणाली. "दहा दिवस झाले. माझ्या डोक्याला घोर."

"जिवंत आहोत."

"आवाज का असा बसलाय तुझा? थंड पाणी पीत असशील. दादाला दे बरं."

बारक्या डावीकडच्या खुंटीकडे बघत होता. त्याने मनाशी म्हटलं, आता सांग. आई, दादा गेला. तीनच शब्द. त्यानंतर ती विचारेल, कसा? आणि मग ते सांगावं लागेल.

"झोपलाय तो," तो म्हणाला.

"या वेळी? बरं आहे ना त्याला? दोघे नीट आहात ना?"

"आहोत गं. दोघे नीट आहोत."

"तू त्याला त्रास देऊ नकोस. तो बोलत नाही, पण तुझ्यासाठी फार करतो." आई जरा थांबली. "जा, ऊठ आता. उठलाय बघ तो. टकटक करतोय. तुझी पाळी झाली वाटतं."

बारक्याने फोन कानाला घट्ट दाबला.

"कसली टकटक?"

"अरे, दोनदा वाजलं की. मला इथे ऐकू आलं, तुला तिथे नाही? कान साफ कर." ती हसली. "ठेवते. त्याला म्हणावं, आईने विचारलंय."

बोटीत कसलाच आवाज नव्हता. बाहेर पाणी धक्क्याला चाटत होतं, तेवढंच. बारक्याने श्वास रोखून पंधरापर्यंत मोजलं. मग झडपेच्या आतल्या बाजूवरून हात फिरवला. लाकूड ओलं होतं. हाताच्या मुठीएवढाच गोल भाग ओला, बाकी कोरडं ठाक.

५

शिडं शिवणाऱ्या बाईचं दुकान धक्क्यामागच्या गल्लीत होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी बारक्या तिथून जात होता, तर तिने दारातूनच हाक मारली. साठीची असेल. गळ्यात मोजपट्टी, अंगठ्यावर चामड्याची टोपी.

"ए, त्या निळ्या बोटीवाला ना तू? धाकटा? ये, घेऊन जा तुझं."

तिने टेबलावर पट्टा टाकला. बारक्याचा. मोडक्या बकलाच्या जागी नवं बकल बसवलेलं होतं, जाड दोऱ्याने, आडवं-उभं शिवलेलं.

"कुणी दिला हा?"

"भावाने तुझ्या. काल उजाडता उजाडता दारात हजर. मी म्हटलं, दुकान उघडू दे की बाबा. तर म्हणाला, लवकर पाहिजे, धाकटा उद्या करतो, उद्या करतो म्हणत बसेल." ती हसली. "खरं का?"

ते खरं होतं. दादा अगदी असंच म्हणायचा. बकल मोडलं तेव्हा दादा म्हणाला होता, "आजच्या आज शिवून टाक." बारक्या म्हणाला होता, "उद्या." सात दिवस तो उद्या म्हणत राहिला, आणि पाळीवर जाताना दादाचाच पट्टा उचलून नेऊ लागला. दादा चिडायचा, मग हसायचा, मग वर येऊन म्हणायचा, "काढ, दे माझा."

"दिसायला कसा होता?" बारक्याने विचारलं.

"भाऊ तुझा, आणि मला विचारतोस?" तिने त्याच्याकडे नीट बघितलं आणि तिचं हसू कमी झालं. "उंच आहे. गप्प. भिजलेला होता, नखशिखान्त. पावसाचा थेंब नाही, म्हटलं हे काय? तर म्हणाला, बोटीवरचं काम. आणि हात सारखे कमरेवर. असे." तिने दोन्ही हात कमरेवर ठेवून चाचपून दाखवलं, अंधारात काही शोधावं तसं. "मी म्हटलं, धाकट्याचा पट्टा आणलास, तुझा कुठाय? म्हणाला, धाकट्याकडे आहे. पाळी बदलताना देईल."

दुकानात शिडाचं पांढरं कापड छतापासून लोंबत होतं, आणि त्याच्या खालच्या कडेवरून फरशीवर पाणी ठिबकत होतं.

"इथेच उभा होता," बाई म्हणाली. "ते कापड काही वाळेना."

दादा गेला त्या दिवशीही त्याचा पट्टा असाच बारक्याच्या कमरेला होता. दुपारचे चार. खालून दोनदा टकटक. दादा वर आला, कमरेला काही नाही. उजव्या खुंटीवर मोडका पट्टा, डावीवर काहीच नाही. "काढ, दे माझा," दादा म्हणाला. आणि बारक्या, पाय पसरून बसलेला, म्हणाला होता, "थांब ना, एवढी काय आग लागलीय?" गंमत म्हणून. दादाला जरा ताटकळत ठेवावं म्हणून. दादा हसला. एक हात पुढे केलेला होता, तळवा वर. मग बोट आडवी झाली, आणि सरळ झाली तेव्हा तो हात तिथे नव्हता.

६

तीन दिवस संपले होते. निघायचं तर कचेरीत जाऊन कागदावर शिक्का घ्यायचा होता. फाटकावरचा दादाचा खिळा मोकळा होता. रखवालदार म्हणाला, "आत गेले तुमचे भाऊ. बोलावलं तर वळले नाहीत. घाईत असतील."

कचेरीतल्या बाईंनी फॉर्म काढला आणि चष्मा कपाळावरून नाकावर घेतला.

"माझी एक चूक झाली," त्या म्हणाल्या. "आलात तेव्हा दुसऱ्या माणसाचा चेहरा मी बघायला हवा होता. सही बघितली आणि सोडलं. आणि काल मागच्या बंदरातून तुमचा कागद मागवून बघितला. दोन्ही सह्या इतक्या सारख्या की वाटलं, गिरवलीय." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. "काही चुकलं असेल तर आत्ता सांगा. आकडा खोडायचा, बाजूला सही करायची, बाकी मी बघते. कुणी काही म्हणणार नाही. तुम्ही लहान आहात."

त्यांनी पेन पुढे केलं.

बारक्याने पेन घेतलं. दोनावर एक रेघ. हाताला सहज जमली असती. रेघ मारली की दादा मेला. कागदावर मेला म्हणजे सगळीकडे मेला. मग आईला फोन, मग कसा, केव्हा, पट्टा कुठे होता. आणि रेघ मारली की त्या गल्लीत ओलाचिंब उभा राहून बारक्याचं बकल शिवून घेणारा जो कोणी होता, तोही खोडला जाणार. जगात बारक्यासाठी उजाडायच्या आत उठणारा दुसरा माणूस नव्हता.

"खरं सांगा," बाई म्हणाल्या, "किती माणसं?"

"दोन," बारक्या म्हणाला.

"मग ते कुठे आहेत?"

"बोटीवर."

बाई उठून खिडकीशी गेल्या. खिडकीतून धक्का दिसत होता. त्या क्षणभर डोळे बारीक करून बघत राहिल्या, मग त्यांचे खांदे सैल पडले.

"हां, ते काय, पुढच्या टोकाला उभे आहेत," त्या म्हणाल्या. "हात हलवतायत तुम्हाला. उगाच घाबरवलंत मला." आणि त्यांनी शिक्का मारला.

बारक्याची पाठ खिडकीकडे होती. तो वळला नाही. वळून बघितलं आणि तिथे कुणी नसलं तर काय करायचं, हे त्याला माहीत नव्हतं. आणि असलं तर, तेही माहीत नव्हतं.

७

बोट बाराला सुटली. पुढच्या टोकावर पायाच्या मापाचे दोन ओले डाग होते. उन्हाने ते वाळले नाहीत.

निघण्याआधी बारक्याने दादाचा पट्टा सोडला. बकल अंगात रुतलं होतं, काढताना रक्त आलं. त्याने तो डाव्या खुंटीवर नीट टांगला, दोराची गुंडाळी करून, दादाला आवडायची तशी. "घे," तो मोठ्याने म्हणाला. "तुझा तुला." आणखी पुष्कळ बोलायचं होतं, पण तोंडातून एवढंच आलं. मग नवं बकल लावलेला स्वतःचा पट्टा कमरेला आवळला, वर जाऊन कडी तारेत अडकवली आणि झडप लावून घेतली.

गाव मागे पडलं. आधी खिडक्या दिसेनाशा झाल्या, मग छपरं. दोन वाजले, तीन वाजले. ऊन लख्ख होतं, वारा चांगला होता. दादा म्हणाला असता, असा वारा विकत मिळत नाही. बारक्या रडत नव्हता. घड्याळाकडे बघत होता.

चार वाजता खालून दोनदा टकटक झाली.

घाईची नाही, रागाची नाही. नेहमीची.

"ये," बारक्या म्हणाला.

तेवढ्यात एक लाट पुढून फुटली आणि तोंडावर पाणी आलं. त्याने बाहीने डोळे पुसले. झडप उघडी होती. सुकाणूजवळून दोन्ही खुंट्या सरळ दिसायच्या. दोन्ही रिकाम्या होत्या.

मग त्याच्या गुडघ्याशी, तारेवर, खट् असा आवाज झाला.

त्याच्या कडीला लागून दुसरी कडी होती. तिचा दोर डेकवरून आडवा, कठड्याखालून बाहेर गेला होता, तारेसारखा ताठ. वाऱ्याने बोट डावीकडे कलायला हवी होती. ती उजवीकडे कलली होती, कुणी कडेला धरून लोंबकळावं तशी. बारक्या वाकला. दोर पाण्यात शिरत होता तिथून हातभर खाली, हिरव्या पाण्यात, दादाचा पट्टा दिसला. पट्टा गोल होता. बकल लागलेलं होतं आणि पट्टा गोल होता, म्हणजे रिकामा नव्हता. त्याच्या आत काय होतं ते फेसाने बघू दिलं नाही. फक्त एकदा, फेस बाजूला झाला तेव्हा, पुढे केलेला एक तळवा दिसला. वर वळलेला. काहीतरी मागणारा.

"दादा, पट्टा दिला ना तुला," बारक्या म्हणाला. "आता काय?"

दोराला एक झटका बसला. मग दुसरा.

आणि बारक्याला कळलं की त्याला इतके महिने पाठ आहे तेच दादा सांगतोय. आधी माझी कडी लागणार, मग तुझी सुटणार. दादाची लागली होती.

खिशातला फोन वाजायला लागला. आईच असणार, तिच्याशिवाय कुणाचा येणार. बारक्याने तो वाजू दिला, आणि अंगठा आपल्या कडीवर ठेवला.